साडूंच्या लेन्स

डोळ्यांचे इतके लाड करून त्यांचे इतके हाल करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात आमच्या साडूंशिवाय दुसरा सापडायचा नाही. देवळाली प्रवराला त्यांचा ऊस आहे आणि थोरल्या मुलीच्या लग्नापर्यंत नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. फोटोत काचा चमकतात म्हणून लग्नापुरत्या त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. मुलगी सासरी गेली, लेन्स राहिल्या.

दुकानातल्या बाईंनी समजावलेलं सगळं त्यांनी मान डोलवत ऐकलं आणि तिथंच सोडून आले. मळ्यातून आले की हात पँटला पुसून थेट डोळ्यात बोट. दुपारची झोप लेन्ससकट. डबीतलं सोल्युशन रोज टाकून नवीन घ्यायचं असतं. हे जुन्यातच थोडी भर घालायचे आणि बाटली संपली की विहिरीचं पाणी. मी एकदा चिडून बोललो, तर शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, हे पाणी आमी पितो. पोटाला चालतंय, मग डोळ्याला का न्हाई?" मेहुणीने वैतागून डबी लपवली, तर त्यांनी लेन्स चहाच्या बशीत भिजत घातल्या.

दिवाळीनंतर दोन्ही कुटुंबं भंडारदऱ्याला गेलो. लेन्स काढा म्हणून मी काठावरून घसा फोडत होतो आणि साडू पाण्यात. बाहेर आल्यावर म्हणतात, काढल्या असत्या तर काठ कसा दिसला असता? त्याच घालून झोपले. सकाळी डावा डोळा लालभडक, उजेड सोसेना. तरी हेका एकच, कचरा गेला असेल, गुलाबपाणी टाकू. मी लेन्स काढायला लावल्या, डबीसकट बरोबर घेतल्या आणि त्यांना गाडीत कोंबून थेट नगर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बुबुळावर जखम होती, त्यात जंतू शिरले होते. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती. पोहताना, झोपताना लेन्स नको, आणि साधं पाणी तर त्यांना कधीच लावायचं नाही, हे त्या सांगत होत्या आणि साडू चक्क वाद न घालता ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "बाई, दिसंल ना?"

औषध मात्र त्यांनी घड्याळ लावून घातलं. डोळा वाचला, बुबुळावर पांढरा ठिपका राहिला. परवा त्यांच्याकडे गेलो आणि नेहमीसारखा त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बसलो. ते थोडं घुटमळले, मग म्हणाले, "पाव्हणं, उजवीकडं बसा. तिकडं तुमी धुरकट दिसता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. मी उठलो आणि खुर्ची उजवीकडे ओढली.