टॉवेलाखालचा व्हिडिओ कॉल

सांगलीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मोबाईलवरून व्यवसाय कसा करावा, याचे वर्ग घेऊ लागलो. तिथली सर्वांत चिकाटीची विद्यार्थिनी जत तालुक्यातील एका मेंढपाळ घरची सून होती. वस्तीवरची मेंढरे व्हिडिओ कॉलवर दाखवून विकायची आणि त्यात आपली दलाली ठेवायची, असा तिचा बेत होता. सासऱ्यांनी अट घातली : घरचा एक मेंढा फोनवर विकून दाखव; जमले नाही, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

ठरलेल्या सकाळी तिच्या आग्रहावरून मीही वस्तीवर गेलो. तयारी पद्धतशीर होती. मेंढा धुतलेला, ऊन फोन धरणाऱ्याच्या पाठीशी, रेंज मिळते ती जागा चुन्याने आखलेली. सासऱ्यांना वाचता येत नसे. म्हणून पैसे जमा होताच फोनने रक्कम मोठ्याने सांगावी, अशी सोय मी तिला आधीच करायला लावली होती.

गिऱ्हाईक औंधकडचे. दात, पाठ, चाल, सारे दाखवून झाले.

"लय देखणा हाय. बोला पाव्हणं, कितीला?" गिऱ्हाइकाने फोनमधून विचारले.

सासऱ्यांनी मागे वळून पाहिले. भोवती शेजारी जमले होते. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकून आत बोटे दाबतात, म्हणजे तिसऱ्याला आकडा कळत नाही. सासऱ्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फोनवर टाकला.

"आवं, अंधार झाला की. मेंढा कुटं गेला?" आतून आवाज आला.

"मामा, त्ये औंधात, तुमी हितं," सून म्हणाली. "बोटं कुणाची दाबणार?"

"मग काय समद्या वस्तीला भाव सांगू व्हय?"

तिने फोनचा कॅमेरा पुढचा केला. "डोकं बी आत घ्या. फोनच्या उजेडात बोटं दाखवा. आन् पाव्हणं, तुमी बी टॉवेल घ्या."

बराच वेळ टॉवेल हलत राहिला. निकालाच्या दिवशी वर्गाबाहेर पालक उभे राहतात, तसे आम्ही उभे होतो. अखेर सासरे घामाघूम होऊन बाहेर आले.

"ठरलं."

"कितीला रं?" शेजाऱ्याने विचारले.

"त्ये तुला कशाला?"

तेवढ्यात पैसे आले आणि सुनेच्या हातातल्या फोनने सगळी रक्कम खणखणीत आवाजात, स्पष्ट उच्चारांत जाहीर केली.

जतच्या बाजारापेक्षा भाव चांगला आला होता, हे सर्वांच्या चेहऱ्यांवरून कळत होते.

"गुरुजी, ह्येला गप कसं करायचं?" फोनकडे पाहत सासऱ्यांनी मला विचारले. मी उत्तर देण्याआधीच तो शेजारी सुनेकडे वळला.

"वैनी, माजा बी मेंढा लावता का फोनवर?"

त्याच्यामागून आणखी दोघे पुढे सरले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि चुन्याच्या खुणेकडे बोट दाखवले.

"तिच्याकडं हितं एकेकानं या. आन् टॉवेल आपापला आणा."