पिशव्या गोळा करणारे साहेब

"पिशवी शिल्लक आहे का?" तक्रार ऐकली की साहेबांचा पहिला प्रश्न हाच. आवाज इतका मऊ, की माणूस स्वतःच उठून पिशवी आणून द्यायचा.

साहेब वाळूजच्या एका डेअरीचे मॅनेजर. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. इस्त्रीचा शर्ट, गल्लीतल्या पोरांची नावं पाठ, गाडीच्या डिकीत श्रीखंडाचे डबे. एका तक्रारीला एक डबा. दुधा-ताकाची आंबलेली पिशवी "तपासायला" न्यायचे. तपासाचं उत्तर कुणाला कधी आलं नाही.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात बजाजनगरला आठवड्यातून एकदा नळ. डेअरीही टँकरनं आणलेल्या विहिरीच्या पाण्यावर. आमच्या गल्लीतली सात पोरं डेअरीचं पिशवीतलं ताक पिऊन जुलाबानं आडवी झाली. मी पत्रक काढलं, 'ताकात कुठल्या विहिरीचं पाणी?' ते वाटून होईस्तोवर साहेब हजर. घरोघर मांडी घालून बसले. एका पोराला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, सलाईन संपेपर्यंत उशाशी बसले. ते नाटक नव्हतं. माझी चीड त्याचीच आहे. एवढी माया असलेला माणूस टँकर मात्र थांबवत नव्हता.

गल्लीत न फोडलेली एकच पिशवी उरली होती, आमच्या फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती सरकारी प्रयोगशाळेत द्यायची होती. संध्याकाळी घरी आलो तर तिच्या जागी श्रीखंड.

"आई, दिलीस?"

"दारात आलेला माणूस. चहा घेतला त्यानं. नाय कसं म्हणायचं?"

आठवड्यानं डेअरीच्या गेटवर नोटीस लागली. टाकी धुणाऱ्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळं हे घडलं, त्याला काढलं आहे. खाली त्या कामगाराचं नाव, आमच्या शेजारच्या रफिकचाचांचं. पाण्याला वास येतो, विहीर नाल्याला लागून आहे, हे चाचांनी साहेबांना तीनदा सांगितलं होतं.

मी तडक केबिनमध्ये गेलो. "तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं," साहेब म्हणाले. "डेअरी बंद पडली तर किती घरं बसतील? एकावर भागलं." मग तितक्याच मऊपणानं, "तुमच्याकडं पुरावा काय आहे?"

काहीच नव्हता.

पावसाळ्याआधी साहेबांना बढती मिळाली, पुण्याला. गल्ली हार घालायला गेली. आईसुद्धा. मी आणि चाचा ओट्यावर बसून होतो. नोटिशीनंतर तीन कारखान्यांनी चाचांना गेटवरूनच परत पाठवलं होतं.

"सब झूट लिखे साहब," चाचा म्हणाले. "मेरा नाम छोड़के."

तेवढ्यात गाडी समोरून निघाली. साहेबांनी काच खाली करून हात हलवला. सवयीनं चाचांचा हात कपाळाकडं गेला.

मी तो धरून खाली ओढला.