कमी म्हणजे आहे

वृंदाकाकूंना मी पहिल्या भेटीत पाहिलं असं म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या घरात तेव्हा जवळजवळ अंधार होता. स्टुटगार्टमधल्या एका चढावरच्या इमारतीत मी वरच्या मजल्यावर राहत होते. खाली कुणीतरी मराठी कुटुंब आलंय, हे जिन्यात रेंगाळणाऱ्या फोडणीच्या वासावरून मला कळलं होतं. पण आपणहून जाऊन ओळख करून घेणं माझ्या स्वभावात नाही. एक दिवस त्यांचं पार्सल माझ्याकडे आलं. घरी कुणी नसलं की इथे पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून जातात. ते द्यायला मी संध्याकाळी खाली उतरले.

एका मुलीने दार उघडलं. आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन आकृत्या नुसत्या बसून होत्या. इथे घर सोडताना लोक छतावरचे दिवेसुद्धा काढून नेतात आणि नव्या भाडेकरूला लोंबकळणाऱ्या वायरी तेवढ्या मिळतात. यांचे दिवे अजून यायचे असतील असं वाटून मी म्हटलं, "माझ्याकडे एक टेबललॅम्प आहे. आणून देऊ का?"

"दिवे आहेत गं. परवाच यांनी लावले," अंधारातून आवाज आला. "बस ना. अंधार येतोय."

पाहुणे यायचे असावेत तशा सुरात त्या हे म्हणाल्या. मी पार्सल मांडीवर घेऊन बसले. स्टुटगार्ट वाटीसारखं आहे, भोवती डोंगर आणि मध्ये शहर. त्या वाटीत धुकं साचत होतं. अंधार आधी टेबलाखाली आला, मग फळ्यांवर चढला. स्टीलच्या डब्यांनी आपली चमक सगळ्यात शेवटी सोडली. एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले तेव्हा काकू उठल्या, बटण दाबलं आणि मायक्रोवेव्हवरच्या छोट्या गणपतीला हात जोडले. तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. गोल, सावळा, आणि नुकतंच काहीतरी छान पाहून आल्यासारखा.

"आमच्याकडे लोडशेडिंग ऐच्छिक आहे," त्यांचे यजमान, श्रीकांतकाका, म्हणाले. "होईल सवय."

"तुम्ही गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आमच्या आईकडे दिवेलागणीला जरा उशीर झाला तरी ओरडा बसायचा. पण दिवा कशासाठी लावायचा ते कळायला आधी अंधार नीट दिसायला नको का?"

त्यांची मुलगी सई शाळेत कधीच गेली नव्हती. पुण्यात काकूंनी तिला घरीच शिकवलं. म्हणजे नेमकं काय केलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "फार काही नाही गं. तिच्या मध्ये मध्ये केलं नाही." पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ धरतं तेव्हा त्या दोघी महिनाभर रोज ती भिंत बघायला जायच्या. गणित दाण्याचे लाडू वळताना व्हायचं. सईने मुक्त शाळेतून दहावीची परीक्षा दिली, कारण काकांनी हट्ट धरला. बारावी व्हायच्या आधीच काकांना इथल्या मोटारींच्या कंपनीत कंत्राट मिळालं आणि तिघं इकडे आले.

आणि या देशात मुलांना घरी शिकवायला कायद्याने परवानगी नाही.

सईला अजून अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती. काकूंना जर्मन येत नव्हतं, काका कंपनीत. म्हणून आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, दुभाषी म्हणून मी गेले. समोरच्या बाईंनी आधीची शाळा कोणती ते विचारलं. मी सांगितलं, घर. बाईंनी चष्मा काढून ठेवला. असं शक्य नाही, त्या म्हणाल्या.

"शक्य नाही कसं? झालंय की. ही काय समोर बसलीय," काकू म्हणाल्या, आणि पुढे शिक्षण, मूल आणि डोळे या विषयावर खूप वेळ बोलल्या. मी त्याचं जर्मन केलं: भारतात ते चालतं.

बाहेर आल्यावर काकू थांबल्या. "केतकी, मी एवढी बोलले आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"तेवढंच लागत होतं, काकू."

"तुझ्या प्रत्येक वाक्याला कुंपण आहे बघ," त्या म्हणाल्या. रागावून नाही. शेवाळ बघावं तसं बघत.

अठरा पूर्ण होईपर्यंत सईला परदेशी मुलांना जर्मन शिकवणाऱ्या एका वर्गात जावं लागलं. तिच्या आयुष्यातली ती पहिली शाळा. पहिल्या दिवशी परत आली तेव्हा आम्ही तिघं वाट बघत होतो. "कशी आहे?" काकांनी विचारलं. सईने जरा विचार केला. "छान आहे. पण एक घंटा होते आणि सगळे बघायचं थांबतात."

भाषा मात्र ती भराभर शिकली. पुढच्या उन्हाळ्यात प्रश्न उभा राहिला तो पुढच्या शिक्षणाचा. नुसत्या दहावीवर इथलं विद्यापीठ दारात उभं करत नाही. एकामागून एक नकार येत गेले. काकूंच्या नणंदेचा दर रविवारी पुण्याहून फोन यायचा. स्पीकरवर असायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचा. "वहिनी, बोलू नये, पण पोरीचं वाटोळं केलंस गं तू. आमचा अथर्व बघ, तिसऱ्या सेमिस्टरला आहे." काकू पोळ्या लाटत म्हणायच्या, "हो का? शाब्बास." फोन ठेवला की पोळी जरा जास्त जोरात लाटली जायची.

शेवटी आम्ही एका सल्लागाराकडे गेलो. सई चित्रं काढते हे कळल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. कला अकादमीत असामान्य गुण दिसले तर शाळेच्या दाखल्याशिवायही घेतात, तो म्हणाला. पण दाराशी गर्दी फार, जागा अगदी मोजक्या. या मुलीची शक्यता गेरिंग.

"गेरिंग म्हणजे?" काकूंनी मला विचारलं.

"कमी."

"कमी म्हणजे आहे," काकू म्हणाल्या आणि पर्स खांद्याला लावून उठल्या. "चल."

अकादमीला अर्जासोबत चित्रांचा गठ्ठा द्यावा लागतो. त्याला इथे माप्पे म्हणतात. तो देण्याआधी एकदा तिथल्या प्राध्यापकांना दाखवून सल्ला घेता येतो. नोव्हेंबरमधला दिवस मिळाला. आणि त्या शरद ऋतूत मी काकूंना बदलताना पाहिलं. आयुष्यभर जिच्या मध्ये मध्ये केलं नाही, तिच्या मागे त्या उभ्या राहू लागल्या. काकूंनी लहानपणी शाळेतून चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्हींत 'अ' श्रेणी. त्या परीक्षांत जे असतं ते सगळं आता सईकडून करून घेणं सुरू झालं. स्थिरचित्र म्हणजे तांब्या, केळी आणि घडी पडलेला टॉवेल. स्मरणचित्र म्हणजे भाजीबाजार. संकल्पचित्र म्हणजे वर्तुळात बसवलेली फुलपाखरं, पट्टीने आखून. "रफ नको. फेअर कर. कडा स्वच्छ ठेव." संध्याकाळी चित्रं नीट दिसावीत म्हणून चार वाजताच दिवा लागायला लागला. काका टेबलावरचा तांब्या हळूच उचलून पाणी प्यायचे आणि ओरडा खायचे. "अहो, सावली हलली ना त्याची!"

सई सांगितलं ते काढायची.

प्राध्यापक बाई उंच होत्या, केस पांढरे, बोटांना शाई. त्यांनी सगळी चित्रं उलटली. घाईने नाही, पण कुठे थांबल्याही नाहीत. तांब्या गेला, भाजीबाजार गेला, फुलपाखरं गेली. मग त्यांनी सईला थेट विचारलं, "तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या आईने," सईने जर्मनमध्ये सांगितलं.

"काय शिकवलं तिने?"

सईने आईकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "अंधार बघायला."

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्यांनी गठ्ठ्यावर तळवा ठेवला. "आणि तो कुठाय?"

काकूंनी मला कोपराने ढोसलं. काय म्हणाल्या? या वेळी मला वाक्य छोटं करता आलं नाही. मी शब्दन् शब्द सांगितला. काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी स्वतःच चित्रं गोळा केली आणि बाईंना नमस्कार केला, हात जोडून, मान खाली घालून, देवळात करतात तसा.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. डोंगरावरच्या घरांना एकेक दिवा लागत होता. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "घाबरले गं मी. घाबरले की मी शाळा होते."

"आई, असू दे," सई म्हणाली.

"नाही असू द्यायचं. आता संध्याकाळी मी घरात थांबणार नाही. माझा अंधार काढू नकोस. तुझा काय असेल तो बघ."

दुसऱ्या दिवसापासून दिवस कलायला लागला की काकू माझं दार वाजवायच्या. माझं काम बहुतेक घरूनच चालायचं. "लॅपटॉप मीट. फिरायला चल. पोरीला घर मोकळं पाहिजे." अर्ज भरायला तीन महिने उरले होते. त्या हिवाळ्यात आम्ही दोघी गावातले जुने दगडी जिने चढलो-उतरलो, द्राक्षांच्या उघड्या मळ्यांच्या कडेने, धुक्यात. काकू माझ्या जुन्या कोटात, खाली साडी, पायात बर्फाचे बूट. कधीतरी त्या मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "थांब, आत्ता हा रंग जाईल," आणि आम्ही तो जाईपर्यंत थांबायचो. येणारेजाणारे आम्हाला वळसा घालून जायचे. काकू त्यांना गंभीरपणे "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणायच्या. त्यांचं जर्मन तेवढंच होतं आणि ते सगळीकडे चालायचं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात उत्तर येत असतानाही हात वर न करणारी मुलगी मी. मनातलं सांगायचं तर कुठल्या भाषेत सांगायचं हेच ठरायचं नाही, मग ते राहून जायचं. त्या अंधारात, चेहरे दिसेनासे झाल्यावर, मी काकूंशी मराठीत बोलू लागले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. काकू मध्ये बोलायच्या नाहीत. सगळं ऐकून झालं की म्हणायच्या, "बरं. आता दिवा लावू या का?" आणि आम्ही घराकडे वळायचो.

एकदा मी विचारलं, "सईचं झालं नाही तर?"

त्या दोन पायऱ्या चढल्या. "तर मी चुकले. नणंद बरोबर." मग आणखी एक पायरी. "रोज वाटतं गं ते. ती झोपली की तिचे हात बघत बसते. एवढा मोठा जुगार खेळले मी, आणि पत्ते तिच्या हातात."

त्या हिवाळ्यात सईने काय काढलं ते गठ्ठा पाठवायच्या आदल्या दिवशी आम्हाला दाखवलं. सगळा कोळसा. तेच स्वयंपाकघर, पुन्हा पुन्हा. टेबलाखाली शिरलेला अंधार, फळीवर चढलेला, डब्यांपाशी थबकलेला. कडा कुठेच स्वच्छ नव्हत्या. शेवटच्या काही चित्रांत टेबलाशी एक रिकामी खुर्ची होती, आणि सगळीकडे काळोख झाला तरी ती तेवढी दिसत राहत होती. काकूंनी आपली खुर्ची ओळखली. आत जाऊन त्यांनी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तरी बराच वेळ तो बंद करायला कुणी उठलं नाही.

वसंतात सईला प्रवेशपरीक्षेला बोलावलं. आत ती एकटी गेली. आई नाही, दुभाषी नाही. जूनमध्ये एका दुपारी काकू मला खालून हाका मारत जिना चढून आल्या. सईचा फोन आला होता. घेतलं. दाखल्याशिवाय, गुणांवर. काकू माझ्या दारात उभ्या, हाताला कणीक. धाप लागलेली.

"कमी होती," त्या म्हणाल्या. "पण पुरली."

शरदात काकांचं कंत्राट संपलं. वाढवून मिळालं नाही. सई विद्यार्थिनी म्हणून राहू शकत होती, आईवडिलांना जावं लागणार होतं. ज्या मुलीला पुण्यात घराबाहेर शिकायला कधी पाठवलं नव्हतं, तिला सोडून काकू पुण्याला निघाल्या.

शेवटच्या संध्याकाळी घर रिकामं झालं होतं. नियमाप्रमाणे काकांनी शिडीवर चढून सगळे दिवे उतरवले होते. छतातून वायरी लोंबत होत्या, पहिल्या दिवशी मला दिसतील असं वाटलं होतं तशाच. टेबलही गेलं होतं. आम्ही चौघं जमिनीवर बसलो. खाली वाटीत धुकं साचत होतं. अंधार आला. या वेळी त्याला चढायला फळ्या नव्हत्या, थबकायला डबे नव्हते. तो सरळ आमच्यापर्यंत आला. चेहरे गेले. कुणीतरी नाक ओढलं, कुणी ते कळलं नाही. काकू असाव्यात, किंवा काका.

नेहमीच्या वेळी काकू उठल्या. सवयीने हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. बटणाचा टक असा आवाज झाला आणि काहीच झालं नाही.

"आई, दिवे नाहीत," सई म्हणाली.

"हो गं," काकू म्हणाल्या. आवाज जरा भिजलेला होता. मग त्या माझ्या दिशेने वळल्या असाव्यात. "केतकी, तुझा तो टेबललॅम्प आहे ना अजून?"

"आहे."

"मग आता आण. आणि मी गेल्यावर परत नेऊ नकोस. सईच्या नव्या खोलीवर दे." मी उठले तशा म्हणाल्या, "सावकाश आण हं. अजून जरा दिसतंय."