थंडी वाजली तर सांगायचं

उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या फ्रोया बेटावरचे बाकीचे लोक बोटी झाकून ठेवायचे, तेव्हा गुन्वोरचा हंगाम सुरू व्हायचा. हिवाळ्यात पाणी नितळ असतं आणि शिंपल्यांत मांस भरलेलं. हवेचं सिलिंडर पाठीला लावून ती समुद्राच्या तळाशी जायची आणि हातानं शिंपले वेचायची.

तरुणपणी एकदा ती वर आली, तेव्हा तिची बोटं लाकडासारखी झाली होती. खाली जाण्यासाठी कमरेला बांधलेला शिशाचा जड पट्टा तिला सोडवेना. तो नवऱ्यानं कापून काढला. तेव्हापासून तिचे नियम पक्के झाले. ऊबदार खोलीतच कपडे चढवायचे. आत लोकरीचे दोन थर, वर पाणी न शिरणारा सूट. बोटीवरच्या गोठलेल्या वाऱ्यात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारं यंत्र, तोंडात धरून श्वास घ्यायचा नाही, नाहीतर त्यात बर्फ धरतो. आणि पहिली हुडहुडी भरली की वर.

तिच्यासोबत बुडी मारणारा हालगेर तिच्या या नियमांची थट्टा करायचा. "तुझी तयारी होईस्तोवर वसंत येईल गं!"

"येऊ दे की. तुझ्या नाकातला शेंबूड तरी वितळेल."

त्या जानेवारीत हालगेरच्या सूटची, मनगटाशी पाणी अडवणारी रबरी पट्टी चिरली होती. त्यानं कुणाला सांगितलं नाही. तळाशी गुन्वोरला दिसलं, की त्याच्या हातातून शिंपले निसटताहेत आणि त्याला त्याचं भानही नाही. तिनं अंगठा वर केला: वर चल. त्यानं मान हलवून पिशवी दाखवली. ती अर्धीच भरली होती. गुन्वोरनं ती काढून घेतली, तळाशी सोडून दिली आणि त्याचा दंड धरला. घाई मात्र केली नाही. दाब एकदम कमी होऊन बाधू नये म्हणून पृष्ठभागाच्या अलीकडे थांबायचं तेवढं ती थांबली, त्याच्या डोळ्यांत बघत.

बोटीवर तिनं त्याला केबिनमध्ये घेतलं, ओली लोकर उतरवली, घोंगड्यात गुंडाळलं आणि गोड कोको पाजला.

"माझे शिंपले टाकलेस," तो दात वाजवत म्हणाला.

"तुला आणलं ना वर."

"चिरली होती, माहीत होतं मला. म्हटलं, हसशील."

"हसले असते," गुन्वोर म्हणाली, "आणि पट्टी बदलून दिली असती, गाढवा."

हालगेरनं कप खाली ठेवला. मग त्यानं हात पुढे केला. बोटं अजून पांढरीच होती. तिनं ती आपल्या काखेत धरली आणि बोट सावकाश धक्क्याकडे वळवली.

दोन आठवड्यांनी, नव्या पट्टीनिशी, तो पुन्हा पाण्यात उतरला. थोड्याच वेळात, पहिली हुडहुडी भरताच, त्यानं स्वतःहून अंगठा वर केला. गुन्वोरची पिशवी रिकामीच होती. ती लगेच त्याच्यासोबत वर निघाली.