काट्याच्या संगणकातले साडेदहा व्होल्ट

आमच्या घरात संशय पिढीजात आहे. वडील किराणा आणला की घरच्या तराजूवर साखर पुन्हा जोखायचे, आणि बरोबर भरली तर त्यांना थोडं वाईट वाटायचं. मी त्यांच्याच वळणावर गेलो. दुधात पाणी असणार, पेट्रोलमध्ये रॉकेल असणार आणि गोड बोलणाऱ्याचं काहीतरी काम असणार, हे धरूनच मी घराबाहेर पडतो. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याचं ओळखपत्र मागाल. मागेनच. न मागायला काय झालं?

अशा माणसाला पाथरीजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर नोकरी मिळाली, हे मालकाच्याही सोयीचं झालं आणि माझ्याही. काट्यावर येणारा प्रत्येक जण संशय घेऊनच येतो. कापसाची गाडी आधी गावच्या काट्यावर जोखलेली असते, तो आकडा लिहिलेला कागद खिशात असतो, पण शेतकरी तो दाखवत नाही. आधी आमचा आकडा बघतो. म्हणून आमच्याकडे एक रिवाज होता. सकाळी पहिली गाडी चढायच्या आधी वीस किलोची दहा लोखंडी वजनं काट्यावर मांडायची आणि जमलेल्यांनी केबिनच्या काचेतून आकडा वाचायचा. दोनशे दिसले की माना हलायच्या आणि काम सुरू व्हायचं. हा रिवाज मला फार आवडायचा. कुणावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही.

केबिनमधल्या संगणकावर मी मोफत मिळणारी, कुणालाही आतून उघडून बघता येणारी प्रणाली टाकली होती. लोकांना वाटायचं पैसे वाचवायला. तसं नव्हतं. विकत घेतलेल्या प्रोग्रामच्या पोटात काय चाललंय ते कंपनी दाखवत नाही, आणि जे दाखवत नाहीत ते लपवतात असं माझं मत आहे. इथं एकेक ओळ उघडी असते. मला सगळ्या ओळी कळत नाहीत, पण बघता येतात एवढंही मला पुरतं.

त्या वर्षी कापूस जोरात यायला लागला आणि संगणक दुपारी बंद पडू लागला. नेमकी गाडी काट्यावर असताना पडदा काळा. रांगेतले ट्रॅक्टरवाले खाली उतरायचे, काचेला नाक लावायचे. एक जण मोठ्यानं म्हणालाच, "आकडा बदलायलेत वाटतं." मी आयुष्यभर लोकांवर जो संशय घेतला, तो आता रांगेत उभा राहून माझ्याकडे बघत होता. फार झोंबलं मला ते.

मालकानं दुरुस्तीला पाथरीच्या एका बाईंना बोलावलं, त्यांना सगळे ताईच म्हणतात. बस स्टँडच्या मागं त्यांचं दुकान. मुळात नवऱ्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं, पण डाग द्यायला, म्हणजे तारा सोल्डर करायला, त्या त्याच्याकडून शिकल्या आणि चार वर्षांत त्याच्या पुढं गेल्या. मिस्त्री कुठाय म्हणून कुणी विचारलं की नवरा त्यांच्याकडे बोट दाखवतो आणि पेपर वाचत बसतो. ताईंनी संगणकाला वीज देणारा पॉवर सप्लाय बदलला, नवा घातला आणि गेल्या. मालक खूश होते. जिनिंग, तेलाची गिरणी आणि भावकीतल्या दोन काट्यांचे मिळून सगळे संगणक वर्षभर त्यांनाच सांभाळायला द्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. एकेक दुरुस्ती करत बसलेल्या त्या दुकानाला पहिल्यांदाच बांधलेलं काम मिळणार होतं.

दोन दिवसांनी संगणक पुन्हा बंद पडला.

मी ठरवलं, आता आपणच आत बघायचं. संगणकाच्या मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक बारीक चिप असते. ती उष्णता, पंख्याचा वेग आणि विजेचा दाब मोजत असते. तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जगभरातल्या हौशी लोकांनी लिहून मोफत ठेवलेला आहे. तो चालू केला आणि पडद्यावर आकडे उभे राहिले. प्रोसेसरचं तापमान, पंख्याचे फेरे, आणि खाली विजेची रांग. एका ठिकाणी तापमान एकशे सत्तावीस दाखवत होतं, आणि ते हलतच नव्हतं. मी हसलो. त्या जागी काही जोडलेलंच नसणार, म्हणून तो आकडा सोडून दिला. मग नजर गेली बारा व्होल्टच्या ओळीवर. तिथं साडेदहा होते.

बाराच्या जागी साडेदहा. माझ्या अंगातून थंड, समाधानाची लहर गेली. हे सांगायला लाज वाटते, पण समाधानच होतं ते. नवा म्हणून जुना सप्लाय बसवला तर! वरून रंग नवा, आत भंगार. मला माहीतच होतं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळच्या चहाला केबिनमध्ये मालक होते, हमालांचे मुकादम होते, दोन आडते बसले होते. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "बघा. हा आकडा माझा नाही, मशिनचा आहे. ताईंनी जुना माल घातलाय."

मुकादम म्हणाले, "बाईमाणूस असं करंल का हो?"

"आकडा काय बाई-पुरुष बघतो?" मी म्हणालो. हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

मालकांनी ताईंना एका शब्दानं विचारलं नाही. काम परभणीच्या एका दुकानाला दिलं. तिथला माणूस आला, त्यानं पुन्हा नवा सप्लाय घातला. मी ड्रायव्हर चालू केला. साडेदहा.

शहाण्या माणसाला इथं कळलं असतं. मला काय वाटलं? हाही चोर. परभणीतही तेच चालतं. त्याला माझ्यासमोर खोकं फोडायला लावलं, बिल तपासलं, तो बिचारा घामाघूम झाला. आणि तिकडे दुपारी तापमानाची ओळ वर वर चढत होती, पंख्याचे फेरे कमी होत होते. ते आकडे माझ्यासमोरच होते. पण त्यात कुणी चोर सापडत नव्हता, म्हणून मी ते वाचले नाहीत.

संगणक बंद पडायचा थांबेना. परभणीवाला दोन दिवस फोन उचलेना. शेवटी मालक म्हणाले, "घेऊन जा ताईकडं. रांग मेन रोडपर्यंत गेलीय."

मी तो डबा मांडीवर घेऊन जीपमधून पाथरीत गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. चहाच्या वेळी मी काय बोललो ते एव्हाना ताईंपर्यंत पोचलेलं होतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसलं. रागावल्या नाहीत. "ठेवा," म्हणाल्या.

मी स्वतःहून संगणक चालू करून आकडा दाखवला. "साडेदहा दाखवतोय."

त्यांनी मीटर काढला, तांबडी आणि काळी टोकं सप्लायच्या तारांना लावली आणि मीटर माझ्याकडे फिरवला. बारा पॉइंट एक. मी म्हणालो मीटर खराब असेल. त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा मीटर काढला. बारा पॉइंट एक. एक गिऱ्हाईक हसलं.

मग त्यांनी पंखा सोडवला. खालून कापसाच्या तंतूंचा, धुळीनं काळा झालेला, मुठीएवढा गोळा निघाला. जिनिंगमध्ये हवेत रुईच उडत असते. प्रोसेसर तापायचा आणि जीव वाचवायला स्वतःच बंद व्हायचा. "मी आले तवा हंगाम नुकता लागला होता, पंखा वरून मोकळा दिसला," त्या म्हणाल्या. "तरी आत बघून घ्यायला पायजे होतं. ती माझी चूक हाय. बाकीचं तुमचं तुमी बघा."



गोळा कचऱ्यात टाकत त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमी रोज सकाळी काट्यावर ठरलेली वजनं ठेवता का न्हाई?"

"ठेवतो."

"मग ह्या आकड्याला कोणतं वजन ठेवून बघितलं होतं?"

जगातला प्रत्येक माणूस मी जोखून बघितला होता, आणि पडद्यावरचा आकडा मात्र आंधळेपणानं खरा मानला होता. एकशे सत्तावीस खोटा म्हणून सोडला आणि साडेदहा खरा म्हणून धरला, कारण साडेदहा माझ्या सोयीचा होता.

घरी येऊन त्या ड्रायव्हरसोबतची माहिती पहिल्यांदा नीट वाचली. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. चिपला बारा व्होल्ट थेट झेपत नाहीत, म्हणून पट्टी बनवणारा मधे दोन रेझिस्टर घालून दाब कमी करतो. मग ड्रायव्हरनं तो पुन्हा गुणून मूळ आकडा काढायचा. किती पटीनं, ते प्रत्येक पट्टीवर वेगळं, आणि बनवणारे सांगत नाहीत. तेव्हा दाखवलेला आकडा अंदाजाचा आहे, मीटरनं ताडून पाहा. सगळं उघडं होतं. कुणी काही लपवलं नव्हतं. उघडं असूनही मी ते वाचलं नव्हतं.

ताईंच्या मोजणीवरून मी योग्य पट काढली, आकडा दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती त्या हौशी मंडळींकडे पाठवली. तिकडून कुणीतरी विचारलं, कशानं मोजलं, किती वेळा मोजलं. माझ्यासारखाच संशयी असावा. पाठवताना मोजणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत असते, म्हणून मी दुकानात जाऊन ताईंना विचारलं.

"तिथं माझं नाव कोण वाचणार हाय?" त्या डाग देता देता म्हणाल्या. "मालकाला सांगितलं का?"

सांगितलं, मी म्हणालो. खरंच सांगितलं होतं. पण मालकांच्या खोलीत, दार लोटून, हळू आवाजात. मालक म्हणाले, "असू द्या. आता हंगामापुरतं परभणीवाल्याला शब्द दिलाय." आणि मी मान हलवून बाहेर आलो होतो.

"ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोर सांगितलं का?"

त्यांनी वर न बघता पुढची तार डागायला घेतली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी उभा राहून सांगितलं. मुकादम होते, एक आडत्या होता. दुसरा आडत्या त्या हंगामात पुन्हा आलाच नाही, त्याच्या गावात ताई अजून जुना माल घालणाऱ्याच असतील. मुकादमांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमी तवाच म्हणलं होतं." बांधलेलं काम ताईंना पुढंही मिळालं नाही. मालक म्हणाले, आता घडी बसलीय, कशाला मोडायची.

संगणक बिघडला की मी अजूनही त्यांच्याकडेच नेतो. काम त्या पूर्वीसारखंच चोख करतात, चहाही विचारतात. फक्त झाल्यावर मीटर माझ्यापुढं सरकवतात आणि दोन्ही टोकं माझ्या हातात देतात. "तुमीच लावा. तुमीच बघा."

दुकानात गिऱ्हाइकं असतात. एकदा मी नको म्हटलं, म्हणालो, ताई, राहू द्या, माझा इतबार आहे. त्यांनी टोकं तशीच पुढं धरून ठेवली. मी घेतली, लावली, आकडा मोठ्यानं वाचला. तेव्हाच त्यांनी डबा बंद केला.