मुहूर्तमेढीच्या आड आलेलं घरटं

"कोयता खाली ठेव! आधी माझ्या मानेवर चालव, मग त्या डाळिंबावर!"

अक्का अंगणात अशी ओरडली, की केलगेरीच्या तळ्यातले मासे काठावर आले असतील. तिचं लग्न तोंडावर आलेलं. मुहूर्तमेढ रोवायची जागा भटजींनी दाखवली आणि नेमकं तिथल्याच डाळिंबाच्या झुडपात बुलबुलाचं घरटं निघालं. आत अंडी होती, पण गार. बुलबुलीण बेपत्ता.

"टाकून गेलीय ती," आई म्हणाली. "मुहूर्त टळला तर व्याह्यांना काय सांगू?"

"माझ्या मांडवासाठी कुणाचा संसार मोडायचा नाही!"

अप्पा वकील. आमटीत मीठ जास्त पडलं तरी साक्षीपुरावा घेणारे. त्यांनी फर्मावलं, मुहूर्तापर्यंत पाळत ठेवायची. पाखरू परतलं तर झुडूप राहील, नाहीतर कोयता.

झालं! अप्पा झुडपासमोर खुर्ची टाकून बसले. शेजारचे मास्तर आले, त्यांच्या मागं अख्खी शाळा आली. विहिरीवरच्या बायका भरल्या घागरींसकट आल्या. कुणी चुरमुरे वाटले. अर्धं धारवाड आमच्या अंगणात, आणि सगळ्यांचे डोळे डाळिंबावर. मुहूर्त जवळ आला, अक्काचा चेहरा उतरला, पाखराचा पत्ता नाही.

दिवस कायदेभंगाचे. गर्दी बघून फाटकातून पोलीस शिरला.

"सभा कुणाची?"

"पाखराची," अप्पा ताठ मानेनं म्हणाले.

"परवानगी?"

अप्पा कलमं सांगायला लागले, तशी त्यानं काठी आपटली. "नडी, नडी! चला, घरी जा सगळे!"

लोक पांगले. अप्पासुद्धा खुर्ची उचलून आत आले. अंगण रिकामं होतंय न होतंय, तोच बुलबुलीण कुंपणावरून झुडपात उतरली आणि अंड्यांवर बसली. इतका वेळ ती आमचीच जायची वाट बघत होती! खिडकीशी अक्का रडता रडता हसायला लागली.

मेढ बाजूला सरकवून रोवली. भटजींनी भरपाई म्हणून दुप्पट मंत्र म्हटले. मांडव मात्र असा तिरका झाला, की वऱ्हाडी जेवताना एका अंगाला कलत होते.

लग्नादिवशी विहीणबाईंनी तो खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "मांडव असा वाकडा का हो घातलात?"

"त्या कोपऱ्यात बाळंतीण आहे. कालच पिल्लं निघालीत," आईनं सांगितलं.

विहीणबाईंनी एवढंच ऐकलं, 'बाळंतीण'. पदर सावरत त्या मागं सरल्या. "अगंबाई! सोयर असताना लग्न लावताय?"

"पाखरांना सोयर नसतं," आई म्हणाली.