अर्ध्या दाण्याएवढं अंतर

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हुलसूरच्या शाळेत तिसरीच्या मुलांना उजळणी म्हणायला लावून खिडकीपाशी उभी होते. खजुरीहून, माझ्या माहेरगावाहून आलेला माणूस दारात चप्पल काढून उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडायच्या आतच मला समजलं. त्याला महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, दामूअण्णा किती गुणी होते, विहिरीवरची जळालेली कुठलीही मोटार कशी परत फिरवत होते, ते सांगतात. सगळं खरंच आहे. पण माझा थोरला भाऊ उरलेलं आयुष्य ज्या एका गोष्टीपाशी अडकून पडला, ती कुणालाच ठाऊक नाही...

आम्ही तिघं भावंडं. अण्णा थोरला, मी मधली, वसंता धाकटा. आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून मैसूर राज्यात गेला त्याच सालात आमच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरात गाणं शिरलं. पुढं अण्णानं जयंतीसाठी गाण्याची पार्टी उभी केली. मी गायची, अण्णा पेटी वाजवायचा. वसंता विशीत आला तेव्हा अण्णानं हैदराबादहून त्याच्यासाठी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. आसपासच्या गावांत कुणी तसली गिटार पाहिलेली नव्हती. वसंताच्या बोटांत काय होतं कोण जाणे, तीन-चार महिन्यांत माझ्या गळ्यातली प्रत्येक हरकत तो तारेवर काढू लागला.

एकदा गिटारीचा पिकअप बंद पडला. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली लहानशी पेटी. तिच्यात चुंबकाचे सहा खिळे असतात, एकेका तारेखाली एकेक, आणि त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. तारेचा आवाज पकडून स्पीकरकडे पोचवणारा तोच. अण्णा मोटारींच्या वाइंडिंगचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं काम करायचा. त्यानं एका मोडक्या गिटारीचा पिकअप मिळवला, खाली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ बसवला, मधल्या तारा छेडून पाहिल्या. आवाज आला. "झालं," म्हणाला आणि हात पुसले.

त्यानंतरचा निर्णा गावचा कार्यक्रम. ऊन उतरलं होतं, माणसं माळावर दाटीनं बसली होती. माझं कडवं संपलं की वसंतानं तेच वरच्या सुरात वाजवायचं होतं. तो वाजवायला लागला आणि वर जाता जाता आवाज विरून गेला. नुसती बोटं हलताना दिसत होती. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. पुढं बसलेली माणसं हसली. अण्णानं पेटी थांबवली आणि माईकवरूनच म्हणाला, "काय करायलास रे? हात चालत न्हाई तर खाली उतर."

 वसंतानं वायर व्यवस्थित गुंडाळली, गिटार सतरंजीवर ठेवली आणि खाली उतरला. आम्ही पुढची गाणी गिटारीविना म्हटली. दुसऱ्या दिवशी तो सोलापूरला गेला, एका मित्राकडे राहून गिरणीत लागला. अण्णानं त्याला पत्र टाकलं नाही, त्यानंही नाही. दोन वर्षांनी तार आली. कावीळ झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं... अण्णा परत येताना गाडीत एवढंच म्हणाला, "मी बोलवायला पायजे हुतं."

बारा वर्षं गिटार पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडून होती. एका मे महिन्यात मी माहेरी गेले होते, तेव्हा अण्णानं ती स्वतःहून खाली काढली. तारा गंजल्या होत्या. नव्या चढवल्या, आणि काय मनात आलं कोण जाणे, तारा आणि पिकअप यांच्या मधून कागदाची पट्टी सरकवली. तारा जिथून जात होत्या तिथं पेन्सिलीनं सहा खुणा केल्या. मग तारा सैल करून तीच पट्टी पिकअपवर ठेवली. मधल्या खुणा खिळ्यांवर बरोबर बसल्या. कडेच्या दोन मात्र बाहेर पडत होत्या. ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढं अंतर. तो पिकअप मुळात गिटारीच्या गळ्याकडं बसवायचा होता, तिथं तारा जवळजवळ असतात. घोडीपाशी त्या फाकतात. सगळ्यात बारीक तार, वसंताची वरच्या सुरांची तार, चुंबकाच्या बाहेरूनच जात होती. घरातल्या खोलीत कानाला कमी पडायची नाही, पण माळावरच्या स्पीकरात पोचायचीच नाही.

अण्णानं पट्टी उचलून पुन्हा एकदा खिळ्यांवर ठेवून पाहिली. मग म्हणाला, "शांते, पोरगं बरोबर वाजवायलं हुतं ग."

त्यानं आठ दिवस घालवून नवा पिकअप केला. तारांचं माप घेऊन खिळे बसवले, स्वतः तार गुंडाळली. जोडून बारीक तार छेडली, तसा घरभर सूर घुमला. आम्ही दोघंही दचकलो. अण्णानं झटकन तारेवर हात दाबून धरला, जणू कुणाच्या तोंडावर हात ठेवावा तसा. त्यानं ती पुन्हा कधी छेडली नाही. पण भर दुपारी वाइंडिंग करता करता त्याचा हात थांबायचा. "ऐकू आलं का?" विचारायचा. काहीच वाजलेलं नसायचं.

शेवटची भेट गुलबर्ग्याच्या दवाखान्यात झाली. सकाळची वेळ होती. मी त्याला चहा पाजत होते. त्यानं कप बाजूला सारला आणि विचारलं, "वसंता कुणाला काय बोलला हुता का ग? तार वाजंना म्हणून?"

"न्हाई अण्णा."

"तुला पण न्हाई?"

"न्हाई."

"मग मला कसं कळणार हुतं..." म्हणाला, आणि किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला. चौथ्या दिवशी तो गेला.

वसंता बोलला होता. निर्ण्याला जाताना, टेंपोत, माझ्या कानाशी वाकून. "अक्का, बारीक तार स्पीकरात जाईना गेलीय. तूच सांग अण्णाला, माझं ऐकायचा न्हाई त्यो." आणि मी म्हणाले होते, आजचा कार्यक्रम होऊ दे, मग सांगते. अण्णा माईकवरून ओरडला तेव्हा मी त्याच्यापासून तीन हातांवर उभी होते. मी मान खाली घातली आणि पुढच्या गाण्याची वही उघडली.

हल्ली शाळेतून येते, दार लावते, खोचलेला पदर सोडून टेकते. घरात कुणी नसतं. कप बाजूला सारून अण्णा विचारतो, तुला पण न्हाई? आणि मी रोज मोठ्यानं सांगते, "व्हय अण्णा, मला सांगितलं हुतं."